प्रश्न विचारत गावोगाव फिरलेला वकील

सांगा पाहू, भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा रे ग प ध हेच पाच शुद्ध स्वर, मग फरक कशात?

आमच्या इंदापुरातल्या गाण्याच्या क्लासमध्ये परीक्षा जवळ आली की असा खेळ रंगतो. चिठ्ठ्या उचलायच्या, दोन गट, एकाचं नाव षड्ज, दुसऱ्याचं पंचम. थिअरीच्या वहीला हात न लावणारी पोरंही तेव्हा उत्तरासाठी भांडतात. पण हे प्रश्न आपल्यापर्यंत पोचले कसे? त्यासाठी तुम्हाला एका वकिलाला भेटावं लागेल.

विष्णु नारायण भातखंडे. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईतलं वाळकेश्वर. कॉलेजात असतानाच सतारीचा नाद लागला. १८८७ मध्ये ते कायद्याची परीक्षा पास झाले, काही काळ कराचीत वकिली केली. पुढे पत्नी गेली, मुलगीही गेली. घर रिकामं झालं आणि उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी गाण्याला दिलं.

तेव्हा गाण्याची विद्या घराण्यांत बंद होती. बंदिश शिष्याला मिळेल, नाहीतर उस्तादांबरोबरच जाईल. भातखंड्यांनी वकिलाचंच हत्यार काढलं : प्रश्न. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले, नंतर देशभर फिरले. जुनी हस्तलिखितं उतरवून घेतली, गायकांसमोर बसून विचारत राहिले. या रागाचा वादी कोणता? अमुक स्वर का लागत नाही? कुणी मोकळेपणानं सांगितलं, कुणी दार लावलं.

जमवलेलं त्यांनी स्वतःजवळ ठेवलं नाही. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. आणि गंमत बघा, तो लिहिला गुरू-शिष्याच्या संवादात! शिष्य शंका काढतात, गुरू उत्तर देतो. रागाचे नियम त्याच रागात गुंफलेली लक्षणगीतंही त्यांनी रचली. म्हणजे गाणं पाठ झालं की थिअरी पाठ! राग दहा थाटांत बसवले, शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापल्या. १९१६ मध्ये बडोद्याला संगीत परिषद भरवली, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं करण्यात पुढाकार घेतला. आज तिथे त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. १९ सप्टेंबर १९३६ ला ते गेले.

त्यांचं सगळंच सगळ्यांना पटलं असं नाही. दहा थाटांत प्रत्येक राग नीट मावत नाही, कागदावरच्या स्वरात मींड उतरत नाही, असं गवई आजही म्हणतात. खरंच आहे ते. पण हा वाद घालायला आधी काहीतरी लिहिलेलं समोर लागतं ना? ते त्यांनी दिलं.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. भूप कल्याण थाटाचा, वादी गंधार. देशकार बिलावल थाटाचा, वादी धैवत. स्वर तेच, पण जीव वेगळ्या जागी. हे नुसतं पाठ केलंत तर एक मार्क मिळेल. दोन्ही राग लागोपाठ ऐकलेत तर फरक कानात राहील.

पुढच्या वेळी क्लासमध्ये चिठ्ठ्या पडतील, तेव्हा एक चिठ्ठी तुमची टाका. उत्तर तुम्हाला येत नसलेली. भातखंड्यांनी सुरुवात तिथूनच केली होती.