चर्चमध्ये ओव्या गायल्या जायच्या, आणि त्या लिहिल्या होत्या एका इंग्रजाने

चर्चमधल्या जुन्या गाण्याच्या पोथ्या म्हटल्या की डोळ्यांसमोर लॅटिन येतं. चामड्याच्या पानांवर हाताने लिहिलेल्या भल्यामोठ्या पोथ्या, चार रेघांवर मांडलेले सूर आणि एकाच पोथीत बघून गाणारे सगळे गायक. पण चारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या चर्चमध्ये चक्क मराठी ओव्या घुमायच्या.

त्या लिहिणारे होते फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. तिथे तेव्हा कॅथलिक असणंच धोक्याचं होतं. ते रोमला गेले, जेझुइट झाले आणि 4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून जहाजात बसले. ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरले, ते परत कधी गेलेच नाहीत. पुढची चाळीस वर्षं त्यांनी मुख्यतः साष्टी भागात काढली. तिथे ते कोकणी शिकले, मराठी शिकले.

इथेच खरी अडचण समोर आली. पोर्तुगीजांनी लोकांच्या जुन्या पोथ्या नष्ट केल्या होत्या. नवख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराण ऐकायची सवय मात्र सुटली नव्हती. लॅटिन प्रार्थना कानावर पडायच्या, पण कळायच्या नाहीत. मग स्टीफन्स यांनी बायबलची कथा ओवीत बांधली. सुमारे 11 हजार ओव्यांचं हे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण छापायला देवनागरी खिळेच नव्हते.

1619 मध्ये ते वारले. त्यांचं कोकणी व्याकरण 1640 मध्ये छापून आलं. भारतीय भाषेचं हे पहिलं छापील व्याकरण मानलं जातं. पुराणाच्याही 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या.

पण 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही.

मग पुराण वाचलं कसं? लोकांनी ते हाताने उतरवून घेतलं होतं. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते जपलं, गायलं. त्याच हस्तलिखितांवरून 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. पुढे लंडनमध्ये एक देवनागरी हस्तलिखितही सापडलं.

छापखान्यातली पुस्तकं संपली, घराघरातल्या वह्या मात्र टिकल्या. म्हणून आजोबांच्या ट्रंकेत एखादी जुनी भजनाची वही सापडली तर रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून बघा.