विश्लेषण: टाकणखार खाणारे १२ तरुण आणि हार्वे वायली

अनेक केचपच्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत ‘आयएनएस २११’ असे छापलेले असते. म्हणजे सोडियम बेंझोएट, बुरशी रोखणारे रसायन. ते पोटात किती गेलेले चालते, यावरून अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी मोठे भांडण झाले. त्यात एका बाजूला ठाम उभे होते डॉ. हार्वे वायली.

वायली १८४४ मध्ये इंडियानात जन्मले. वैद्यकीय पदवी घेऊन ते रसायनशास्त्राकडे वळले आणि १८८३ मध्ये अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ झाले. तेव्हा दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मल्डिहाइड घालत आणि मांस-लोण्यात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. होय, सोनार डाग देताना वापरतात तोच! लेबलवर यातले काही लिहायची सक्ती नव्हती.

काय होते ‘पॉइझन स्क्वॉड’?

१९०२ मध्ये वायलींनी वॉशिंग्टनमधील कार्यालयाच्या तळघरात चक्क खाणावळ सुरू केली. १२ धडधाकट तरुण, तीन वेळचे जेवण फुकट, मात्र बाहेर काही खायचे नाही. सुरुवातीला बोरॅक्स लोण्यात लपवला. पोरांनी ते ओळखले आणि लोणीच टाळू लागले. शेवटी तो कॅप्सूलमधून दिला गेला. रोज वजन, नाडी, मलमूत्राची तपासणी. डोस वाढला तशी डोके-पोट दुखू लागले, भूक मेली. पुढे सल्फाइट, बेंझोएट वगैरेंची पाळी आली. फॉर्मल्डिहाइडने तर मुले इतकी आजारी पडली की प्रयोग मध्येच थांबवावा लागला. वर्तमानपत्रांनी हे सगळे उचलून धरले आणि ३० जून १९०६ रोजी अन्न-औषध शुद्धतेचा कायदा झाला.

मग वाद कशाचा?

आजच्या निकषांवर हा प्रयोग कच्चाच. माणसे मोजकी, तुलनेसाठी वेगळा गट नाही. शिवाय वायलींना अन्नात असे रसायन मुळातच नको होते. थोडे चालेल, हे त्यांना पटत नसे. १९०८ मध्ये त्यांनी सॅकरिनला घातक ठरवले, तेही राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासमोर, ज्यांना डॉक्टर रोज सॅकरिन देत. रूझवेल्ट भडकले. त्यांनी वेगळे तज्ज्ञ मंडळ नेमले. अध्यक्ष होते आयरा रेम्सन, ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिनचा शोध लागला होता! मंडळाने १९०९ मध्ये अल्प बेंझोएट निर्धोक ठरवले. वायलींनी १९१२ मध्ये राजीनामा दिला. ३० जून १९३० रोजी, कायद्याच्या २४व्या वाढदिवशी, ते वारले.

बेंझोएट आज भारतातही ठरावीक मर्यादेत चालते. फॉर्मेलिन चालत नाही. त्याच्याच संशयावरून जुलै २०१८ मध्ये गोव्याने बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद केली होती.