बोरीबंदर स्थानक आणि नाना शंकरशेट

मुरबाडच्या मुरकुटे घराण्यातील जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. वडिलांच्या निधनानंतर तरुण वयातच पेढीचा भार त्यांच्यावर आला. सचोटीमुळे मुंबईतील व्यापाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास होता आणि रेल्वेसारख्या अनोळखी उद्योगात हाच विश्वास मोलाचा ठरला. इंग्लंडमधील आगगाडी मुंबईतही धावावी यासाठी १८४५ मध्ये त्यांनी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह पुढाकार घेतला. पुढे ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे संचालक झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन १४ डब्यांची गाडी बोरीबंदरहून ठाण्यास निघाली, तेव्हा नाना तीत होते. अंतर अवघे ३४ किलोमीटर. इंजिने मात्र तीन!

१८६३ मध्ये लोहमार्ग बोरघाट चढला, तोही त्यांच्या हयातीत. त्यांचे शैक्षणिक कार्य हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले. बोरीबंदरच्या साध्या स्थानकाजागी फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार भव्य वास्तूचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागावर नानांची मुद्रा दगडात कोरलेली आहे. लोकल गाठण्याच्या घाईत मान वर करून ती पाहणारे प्रवासी थोडेच.