साताऱ्याचे न्यायाधीश सत्येंद्रनाथ ठाकूर

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात एक बंगाली गृहस्थ न्यायासनावर बसत असत. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्याहून विस्ताराने मोठा होता. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा कृष्णा-वारणेकाठचा मुलूख त्यातच मोडे. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने हा भाग निराळा झाला आणि १९६० साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. खुद्द सांगली शहर तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. या विस्तीर्ण मुलखातील शेतकरी, सावकार, पाटील, कुळकर्णी आपले वाद घेऊन साताऱ्यास येत. जिल्हा न्यायाधीशाच्या खुर्चीवर गोरा साहेब पाहण्याची त्यांच्या वडिलांना सवय होती. आता मात्र तेथे आपल्यासारख्याच वर्णाचा, मराठी जाणणारा मनुष्य बसलेला त्यांना दिसे. त्यांचे नाव सत्येंद्रनाथ ठाकूर. हिंदी सनदी नोकरीची, म्हणजे आय. सी. एस. ची परीक्षा उत्तीर्ण होणारे ते पहिले भारतीय होत.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जून १८४२ रोजी कलकत्त्यास जोडासाँको येथील प्रसिद्ध ठाकूर घराण्यात झाला. महर्षी देवेंद्रनाथांचे ते द्वितीय पुत्र. कविवर्य रवींद्रनाथ हे त्यांचे धाकटे बंधू. दोघांच्या वयात जवळजवळ एकोणीस वर्षांचे अंतर होते. १८५७ साली कलकत्ता विद्यापीठाची स्थापना होऊन पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तीत सत्येंद्रनाथ पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. पुढे त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात नाव घातले. घरी संपत्तीची ददात नव्हती. जमीनदारीचे उत्पन्न खात आणि काव्यशास्त्रविनोदात काळ घालवीत ते सुखाने राहू शकले असते.

परंतु त्यांच्या मनमोहन घोष नामक मित्राच्या मनात निराळेच होते. कंपनी सरकारच्या अमदानीत हिंदुस्थानातील मोठ्या अधिकाराच्या जागा संचालकांच्या मर्जीने त्यांच्या पुत्रांस, पुतण्यांस आणि स्नेह्यांच्या मुलांस मिळत. १८५३ च्या कायद्याने ही पद्धत मोडली आणि १८५५ पासून या जागा खुल्या परीक्षेने भरू लागल्या. जो गुणांनी वर येईल तो निवडला जाईल, मग त्याचा धर्म वा वर्ण कोणताही असो, असे ठरले. कागदावर हा दरवाजा सर्वांना मोकळा होता. मात्र तो लंडन शहरात होता. हिंदुस्थानच्या कारभाराची परीक्षा हिंदुस्थानात होत नसे. पहिल्या सात-आठ वर्षांत एकही भारतीय तीत उत्तीर्ण झाला नाही, यात नवल ते काय? मनमोहनने ठरविले की आपण दोघांनी जाऊन पाहावे. सत्येंद्रनाथांचे मन प्रथम कचरले, पण मित्राने धीर दिला.

समुद्र ओलांडणे हे त्या काळी सनातनी समाजात पाप मानले जाई. विलायतेहून परतलेल्यास पंक्तीला घेण्यावरून महाराष्ट्रातही मोठमोठे वाद झाले. ठाकूर घराणे ब्राह्म समाजाचे असल्यामुळे त्यांना या बंधनाचा जाच कमी होता. शिवाय सत्येंद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ पूर्वीच विलायतेस जाऊन आले होते आणि दुसऱ्या खेपेस, १८४६ साली, लंडन येथेच निवर्तले होते. तरीही घरातून निघणे सोपे नव्हते. सत्येंद्रनाथांचा विवाह १८५९ साली झाला होता, आणि त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी अद्याप बाराव्या वर्षातली बालिका होती.

२३ मार्च १८६२ रोजी दोघे मित्र जहाजावर चढले. सुएझचा कालवा तेव्हा खोदून पुरा झाला नव्हता. त्यामुळे प्रवाशांना सुएझ येथे उतरावे लागे, मिसर देश आगगाडीने ओलांडून भूमध्य समुद्राच्या काठी पुन्हा दुसरे जहाज धरावे लागे.

लंडनला पोहोचल्यावर खरी कसोटी सुरू झाली. हाती जेमतेम वर्षाचा अवधी होता आणि परीक्षेचा आवाका अफाट होता. लॉर्ड मेकॉले यांच्या समितीने १८५४ साली तिची जी मूळ आखणी केली ती पाहिली म्हणजे त्या श्रमांची कल्पना येते. इंग्रजी निबंध, इंग्रजी वाङ्मय आणि इंग्लंडचा इतिहास मिळून १५०० गुण, गणितास १०००, ग्रीक आणि लॅटिन यांस प्रत्येकी ७५०, फ्रेंच, जर्मन व इटालियन यांस प्रत्येकी ३७५, निसर्गविज्ञान व नीतिशास्त्र यांस प्रत्येकी ५००. संस्कृत आणि अरबी यांना प्रत्येकी ३७५. एकूण गुण ६८७५. सर्व विषय घेतलेच पाहिजेत असा नियम नव्हता. ज्याला जे येईल ते त्याने घ्यावे. पण अनेक विषयांची वरवरची ओळख करून घेऊन गुण गोळा करणाऱ्यास काही मिळू नये, असेही समितीने बजावले होते. म्हणजे घोकंपट्टीस वाव थोडा. लेखी उत्तरांखेरीज तोंडी परीक्षाही असे.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. इंग्रज मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की शाळेत लॅटिन शिकू लागे, पाठोपाठ ग्रीक. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथून बाहेर पडणाऱ्या तरुणास या दोन भाषांचे १५०० गुण अंगवळणी पडलेले असत. कलकत्त्याच्या मुलास त्या भाषा नवख्या. त्याचा आधार संस्कृत किंवा अरबी, आणि त्यांचे मोल ग्रीक-लॅटिनच्या निम्मे! बाकी सारा भार परक्या इंग्रजी भाषेवर. तीत केवळ अचूक लिहून भागत नसे. जन्मापासून ती बोलणाऱ्यांच्या बरोबरीने, त्यांच्याच देशाच्या इतिहासावर आणि कवींवर लिहावे लागे. त्यातच वयाची मर्यादाही आड येई. आरंभी ती २३ वर्षांची होती, पुढे ती २२ वर आणली गेली. अपयश आले तर पुन्हा बसण्यास फारशी संधी उरत नसे.

सत्येंद्रनाथ त्या परमुलखात अभ्यासास लागले. घरची आठवण त्यांना होई. ज्ञानदानंदिनीस विलायतेस पाठवावे म्हणून त्यांनी वडिलांस विनंतीही केली. तेथील स्त्रिया मोकळेपणाने वावरतात, शिकतात, हे पाहून आपल्या पत्नीसही ते दिसावे अशी त्यांची इच्छा होती. महर्षींनी ती मान्य केली नाही. सत्येंद्रनाथांनी पुन्हा पुस्तकात डोके घातले.

१८६३ च्या जून महिन्यात निकाल लागला. सत्येंद्रनाथ निवडले गेले. मनमोहन मात्र मागे राहिला. त्याने पुढेही प्रयत्न केला, पण त्याच सुमारास संस्कृत आणि अरबी यांचे गुण कमी करण्यात आले आणि त्याची वाट अधिकच अवघड झाली. ज्याने मित्राला धीर देऊन बरोबर आणले, त्याला ते यश लाभले नाही. तथापि मनमोहन खचला नाही. तो बॅरिस्टर होऊन कलकत्त्यास परतला, गरिबांची बाजू घेऊन लढणारा वकील म्हणून नावारूपास आला, आणि परीक्षेच्या या अन्यायाविरुद्ध त्याने आवाज उठविला. १८६६ साली वयाची मर्यादा २१ वर आली, १८७८ पासून तर ती १९ झाली. एवढ्या कोवळ्या वयात सातासमुद्रापलीकडे जाऊन परीक्षेस बसणारे किती मुलगे निघणार?

मराठी माणसालाही या परीक्षेची झळ लागली. १८६९ साली चार भारतीय एकदम उत्तीर्ण झाले. त्यांत तिघे बंगाली होते: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि सुरेंद्रनाथ बानर्जी. चौथे मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. सुरेंद्रनाथ आणि श्रीपाद यांची नावे वयाच्या कारणावरून यादीतून गाळण्यात आली. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगण्याची रीत आहे; इंग्रजी हिशेबात पुरी झालेली वर्षे धरतात. या फरकातून हा गोंधळ झाला होता. लंडनच्या न्यायालयात दाद मागण्यात आली, तेव्हा कोठे त्यांची नावे पुन्हा यादीत आली.

उमेदवारीचा काळ संपवून सत्येंद्रनाथ नोव्हेंबर १८६४ मध्ये स्वदेशी परतले. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. ज्ञानदानंदिनींना बरोबर न्यावयाचे त्यांनी ठरविले तेव्हा घरात पुन्हा प्रश्न उभा राहिला. कुलवधूने उघड्या गाडीतून बंदरापर्यंत जाणे वडीलधाऱ्यांस मानवेना; अखेर तिला पालखीतून जहाजावर पोहोचवावे लागले. मुंबईस हे दांपत्य काही महिने माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांच्या घरी राहिले. तेथील स्त्रियांचे वागणे, वेषभूषा पाहून ज्ञानदानंदिनींनी बाहेर वावरताना सोयीची अशी साडी नेसण्याची रीत उचलली आणि पुढे ती बंगालमध्ये रूढ केली.

१८६५ साली अहमदाबादेस सत्येंद्रनाथांच्या प्रत्यक्ष कामास आरंभ झाला. लंडनची परीक्षा संपली तरी परीक्षा संपल्या नव्हत्या. ज्या प्रांतात काम करावयाचे त्याची भाषा सनदी अधिकाऱ्यास शिकावी लागे. बंगाली सत्येंद्रनाथांनी गुजराती आत्मसात केली, मराठी आत्मसात केली. पुढील तीस वर्षांत विजापूर, कारवार, सोलापूर अशा अनेक ठिकाणी त्यांचे वास्तव्य झाले. मुंबईत प्रार्थना समाजाच्या निमित्ताने न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, तेलंग, चंदावरकर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. रवींद्रनाथ विलायतेस जाण्यापूर्वी, १८७८ साली, त्यांच्याकडे अहमदाबादेस राहिले आणि नंतर इंग्रजीच्या सरावासाठी मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी. कारवारचा समुद्रकिनाराही कवीने प्रथम थोरल्या भावाच्या बिऱ्हाडी राहूनच पाहिला.

साताऱ्याच्या न्यायासनापुढे कोणते खटले येत, हे त्या मुलखाच्या इतिहासावरून उमगते. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांवर दंगे करून कर्जरोखे जाळले. त्याचा एक पडसाद सातारा जिल्ह्यात वारणेकाठी कोकरूड येथेही उमटला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो खास कायदा झाला तो सातारा जिल्ह्यास लागू होता. रोख्यावर अंगठा आहे एवढ्याने सावकाराचा दावा मान्य न करता, मुळात रक्कम किती दिली, व्याज किती चढले, याचा शोध न्यायाधीशाने करावा, अशी त्यात तरतूद होती. हा शोध करावयाचा तर अशिक्षित कुणब्याची साक्ष नीट समजली पाहिजे. तो काय बोलतो आणि काय बोलायला कचरतो, हे दुभाष्याच्या तोंडून कळत नाही. अशा वेळी मराठी जाणणारा न्यायाधीश असणे ही लहान गोष्ट नव्हती.

सत्येंद्रनाथांनी मराठी केवळ कामापुरती शिकली नाही. तुकोबांच्या अभंगांनी त्यांचे मन ओढून घेतले आणि त्यांनी ते बंगालीत उतरविले. मुंबई इलाख्यातील लोक, चालीरीती आणि संत यांची ओळख करून देणारा ग्रंथही त्यांनी आपल्या मातृभाषेत लिहिला. भगवद्‌गीता आणि मेघदूत यांचीही त्यांनी बंगाली भाषांतरे केली. मराठी मुलखाची अशी आस्थेने ओळख करून घेणारे सनदी अधिकारी त्या काळी थोडेच होते.

इतकी वर्षे सेवा करूनही त्यांची बढती जिल्हा न्यायाधीशाच्या पुढे झाली नाही. उच्च न्यायालयाची जागा त्यांच्या वाट्यास आली नाही. साताऱ्याच्या पदावरूनच ते १८९७ च्या सुमारास निवृत्त होऊन बंगालमध्ये परतले. त्या अगोदर, १८९६ साली, मनमोहन घोष यांचे निधन झाले होते.

१८९७ च्या जून महिन्यात नाटोर येथे भरलेल्या बंगाल प्रांतिक परिषदेचे अध्यक्षस्थान सत्येंद्रनाथांस देण्यात आले. त्या परिषदेत रवींद्रनाथ आणि इतर तरुण मंडळींनी कामकाज बंगालीतून चालावे असा आग्रह धरला. अध्यक्षस्थानी होते ते इंग्रजीची सर्वांत कठीण परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय! परिषद चालू असतानाच १२ जून रोजी आसामचा प्रचंड भूकंप होऊन सभा विसकटली.

सनदी नोकरीची परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी असा ठराव ब्रिटिश लोकसभेने १८९३ सालीच केला होता, पण तो बरीच वर्षे दप्तरात पडून राहिला. अखेर १९२२ च्या फेब्रुवारीत अलाहाबादेस ही परीक्षा प्रथमच घेण्यात आली. भारतीय उमेदवार जहाजावर न चढता तिला बसले. सत्येंद्रनाथ तेव्हा ऐंशीच्या घरात होते. पुढच्याच वर्षी, ९ जानेवारी १९२३ रोजी, कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले.