आपल्या शेजारचा सम्राट अशोक



सोपारा आणि भुईगाव ही वसई तालुक्यातली गावे आपल्या नेहमीच्या जाण्यायेण्यातली. सोपाऱ्यात १८८२ साली आणि भुईगावात १९५६ साली सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. दूरच्या पाटलीपुत्राच्या राजाला आपल्या बंदरातल्या लोकांना काय सांगायचे होते?

इ.स.पूर्व २६८च्या सुमारास अशोकाचा राज्याभिषेक झाला. आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख बंदी करून नेली गेली. हे आकडे त्याने स्वतःच पश्चात्तापासह दगडावर कोरून घेतले. पुढे तो बुद्धाच्या धम्माकडे अधिकाधिक वळला.

त्याबरोबर राज्यकारभारही बदलला. रस्त्यांच्या कडेला वड आणि आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, माणसांसाठी व जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली. राजाच्या स्वयंपाकघरात रोज लाखो प्राणी मारले जात. ती संख्या दोन मोर आणि एक हरीण इतकी खाली आली. बुद्धाच्या जन्मगावी, लुंबिनीत, त्याने एक कर माफ केला आणि पिकातला राजाचा वाटा एक अष्टमांश ठरवला. लोकांचे आचरण पाहण्यासाठी धम्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमले.

सोपाऱ्याला मिळालेला तुकडा आठव्या लेखाचा. शिकारीच्या सहली सोडून राजा धम्मयात्रेला निघू लागला, वृद्धांना भेटू लागला, असे तो लेख सांगतो. भुईगावचा तुकडा नवव्या लेखाचा. आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. नोकरचाकरांशी नीट वागणे आणि गुरुजनांचा मान राखणे हाच मोठ्या फळाचा विधी, असे त्याचे सांगणे.

तरी अशोकाने कलिंग सोडले नाही. पश्चात्तापाचा तो लेख इतरत्र कोरला, कलिंगात मात्र कोरला नाही. देहदंड कायम ठेवून त्याने कैद्याला फक्त तीन दिवसांची मुदत दिली. राज्याच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने नोंदवले की लोकांत धम्म वाढला तो नियमांपेक्षा मनाला पटल्याने अधिक.

सत्तेने रस्ते, कर आणि राजाचे ताट बदलले. मन बदलणे हुकमाच्या हाती नव्हते, हे सम्राटालाही कळले.

आपल्याकडे लग्ने आणि बाप्तिस्मे थाटात होतात. मांडव घालणाऱ्याची, भांडी घासणाऱ्या बाईची मजुरी त्याच दिवशी हातावर पडते का, एवढे आपण पाहू या. भुईगावच्या दगडाचा अर्थ तेवढाच आहे.