एमएसचे चट्टे ओळखणारे शार्को : मृत्यूनंतर जे त्यांना दिसायचं, ते आज एमआरआय जिवंतपणी दाखवतो

कॅम्प, बेळगाव : काही दिवस पायाला मुंग्या येतात, एका डोळ्याला अंधुक दिसतं, चालताना तोल जातो. मग काही आठवड्यांत सगळं आपोआप ठीक होतं आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा आजार असा फसवा आहे. निपाणी, खानापूर किंवा चंदगडहून बेळगावला आलेल्या रुग्णाला डॉक्टर मेंदूचा एमआरआय काढायला सांगतात, तेव्हा एमएसचा संशय असला तर फिल्मवर पांढरे चट्टे शोधले जातात. या चट्ट्यांचा आणि लक्षणांचा मेळ पहिल्यांदा नीट घातला तो पॅरिसच्या एका डॉक्टरांनी, १८६८ साली. त्यांचं नाव जाँ-मार्तां शार्को.

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील घोडागाड्या तयार करणारे कारागीर. मुलगा अबोल, पण चित्रकलेत हात उत्तम. चित्रकार व्हावं की डॉक्टर, असा प्रश्न होता. त्यांनी डॉक्टरकी निवडली, पण पेन्सिल सोडली नाही. रुग्णाचं उभं राहणं, वाकडी झालेली बोटं, मेंदूच्या कापातले डाग हे सगळं ते स्वतः रेखाटत. १८५३ मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला, तो सांधेदुखीवर. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन आजारांतला फरक त्यात दाखवला होता. हीच पुढे त्यांची खासियत ठरली.

१८६२ मध्ये ते साल्पेत्रिएर रुग्णालयात प्रमुख डॉक्टर म्हणून रुजू झाले. ही जागा एकेकाळी तोफांच्या दारूसाठी वापरली जायची. कॅम्पातल्या जुन्या लष्करी इमारती पाहिलेल्यांना तिचा थोडाफार अंदाज येईल, फक्त पसारा कितीतरी मोठा. आत सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक गरीब, म्हाताऱ्या आणि वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या बायका. कुणाला नेमकं काय झालंय, याची धड नोंदही नव्हती. दुसरा डॉक्टर तिथून बदली मागून गेला असता. शार्को यांनी आपले सहकारी व्हल्पियन यांना बरोबर घेऊन एकेका खाटेपाशी जाऊन तपासणी सुरू केली. रुग्ण जिवंत असताना लक्षणं टिपायची आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून मेंदू व मज्जारज्जू तपासायचा, अशी त्यांची पद्धत होती.

एक हकिकत नेहमी सांगितली जाते. शार्को यांच्या घरी कामाला एक बाई होत्या. त्यांचे हात थरथरत, भांडी फुटत. तरी शार्को यांनी त्यांना कामावरून काढलं नाही. आजार कसा वाढत जातो हे ते रोज पाहत राहिले. पुढे त्या बाई साल्पेत्रिएरमध्येच वारल्या. शार्को यांचा अंदाज वेगळ्याच आजाराचा होता. शवविच्छेदनात मात्र मज्जासंस्थेत कडक झालेले चट्टे सापडले.

असे चट्टे याआधीही कुणी पाहिले नव्हते असं नाही. कार्सवेल आणि क्रुव्हेलिये यांनी १८३० च्या दशकातच त्यांची चित्रं काढली होती. पण हा एक स्वतंत्र आजार आहे, जिवंत माणसात तो असा ओळखावा, हे १८६८ मध्ये शार्को यांनी मांडलं. त्या काळी कुठल्याही थरथरणाऱ्या रुग्णाला एकाच रांगेत बसवत. शार्को यांनी दाखवलं की पार्किन्सनमध्ये हात मांडीवर स्वस्थ असतानाही थरथरतो. या आजारात मात्र पेला उचलायला गेलं की हात लटपटतो. त्यासोबत डोळ्यांची बुबुळं हलतात आणि बोलणं तुटक होतं. पार्किन्सन हे नाव रूढ केलं तेही शार्को यांनीच.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. मज्जातंतू म्हणजे विजेची वायर धरली, तर मायलिन हे तिच्यावरचं आवरण. चट्ट्यांत हे आवरण सोललं गेलेलं होतं, आतली तार मात्र बऱ्याच ठिकाणी शाबूत होती. लक्षणं येतात आणि जातात, याचा काहीसा उलगडा त्यातून झाला. पण ही तार किती काळ टिकते, हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. कारण एका माणसाचा मेंदू त्यांना एकदाच पाहायला मिळायचा, तोही मृत्यूनंतर. उपचार म्हणून स्ट्रिक्नीन दिलं, सोन्या-चांदीचे क्षार दिले. उपयोग झाला नाही.

१८८२ मध्ये मज्जासंस्थेच्या आजारांसाठी खास प्राध्यापकपद तयार झालं, ते शार्को यांना मिळालं. त्यांची व्याख्यानं ऐकायला देशोदेशीचे डॉक्टर येत. १८८५ मध्ये व्हिएन्नाहून तरुण सिग्मंड फ्रॉइड आले. त्यांनी पुढे आपल्या मुलाला शार्को यांचं नाव दिलं.

याच काळात शार्को हिस्टेरियाच्या मागे लागले. भरल्या सभागृहात स्त्री रुग्णांवर संमोहनाचे प्रयोग होत. त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. याची दुसरी बाजू कडू आहे. ज्यांनी एमएसचे चट्टे दाखवून दिले, त्यांनीच हिस्टेरिया हा शब्द घरोघरी पोचवला. पुढे कित्येक दशकं एमएसच्या अनेक बायकांवर हाच शिक्का बसला. मनाचे खेळ आहेत म्हणून त्यांना घरी पाठवलं गेलं, कारण चट्टे दाखवायला साधन नव्हतं. १६ ऑगस्ट १८९३ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, प्रवासात असताना शार्को यांचं निधन झालं.

ते साधन भलत्याच वाटेने आलं. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तिघा शास्त्रज्ञांनी एक शोध मांडला. अल्कोहोलमधले हायड्रोजन अणू चुंबकीय क्षेत्रात, शेजार कोणाचा आहे त्यानुसार, वेगवेगळे संकेत देतात. या तिघांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचं काम उभं केलं. १९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात याच चुंबकीय तंत्राने एमएस रुग्णांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली. सीटी स्कॅनला न दिसणारे कितीतरी चट्टे त्यात दिसले.

मग प्रश्न आला तारेचा. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथल्या संशोधकांनी दाखवलं की एमएसच्या ताज्या चट्ट्यांतही मज्जातंतू तुटलेले असतात. म्हणजे फक्त आवरणच जातं असं नाही, तारही जाते, आणि ती लवकर जायला लागते. जिवंत मेंदूत हे मोजायला अल्कोहोलच्या प्रयोगातलं तत्त्वच कामी आलं. मज्जापेशींत एनएए नावाचं रसायन असतं. त्याचा संकेत कमी झाला, तर तंतूंचं नुकसान झाल्याचं कळतं. दुसऱ्या एका पद्धतीत मेंदूतलं पाणी कोणत्या दिशेने सरकतं ते पाहतात. तंतू धड असला तर पाणी त्याच्या लांबीने वाहतं, तुटला की सैरावैरा पसरतं. या दोन्ही तपासण्या आजही मुख्यतः संशोधनात वापरल्या जातात. दवाखान्यात साध्या एमआरआयवरच नवे चट्टे मोजले जातात.

सोललेलं आवरण काही प्रमाणात पुन्हा चढतं. तुटलेली तार मात्र जुळून येत नाही. म्हणूनच रुग्ण बरा वाटत असला तरी डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय सांगतात. लक्षण नसतानाही नवा चट्टा उठलेला असू शकतो, आणि त्यावरून औषध बदलायचं की तेच चालू ठेवायचं हे ठरतं. आता झटके कमी करणारी औषधं आहेत, ती लवकर सुरू झाली तर जास्त उपयोगी पडतात. त्यासाठी जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी ठेवून पाहावी लागते. त्यामुळे बरं वाटलं म्हणून जुन्या फिल्मचं पाकीट रद्दीत घालू नये. पुढच्या तपासणीला ते सोबत न्यावं.