बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी

एका नामवंत गणितज्ञ महिलेच्या बँक खात्याचा हिशेब काही केल्या जुळेना. अखेर बँकिंग क्षेत्रात असलेल्या भावाने चेकबुक तपासले, तेव्हा गोम उलगडली. काही ठिकाणची वजाबाकी दशमान पद्धतीऐवजी अष्टमान पद्धतीने, म्हणजे आठाच्या पायावर झाली होती. नव्या नोकरीत यंत्रासाठी दिवसभर गिरवलेले गणित नकळत घरच्या हिशेबातही उतरले होते. या गणितज्ञ म्हणजे संगणकशास्त्राच्या आद्य शिल्पकारांपैकी एक, ग्रेस हॉपर.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. गजराचे घड्याळ चालते कसे, या कुतूहलापोटी सात वर्षांच्या ग्रेसने घरातील सात घड्याळे एकामागून एक खोलून ठेवली होती. व्हॅसार महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवली आणि व्हॅसारमध्येच अध्यापन केले. दुसऱ्या महायुद्धाने हा स्थिर जीवनक्रम बदलला. वय अधिक आणि वजन कमी असल्याने खास सवलत मिळवून १९४३ च्या डिसेंबरमध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांची नेमणूक हार्वर्डमधील ‘मार्क-१’ या ५१ फूट लांबीच्या गणनयंत्रावर झाली. सेकंदाला जेमतेम तीन बेरजा करणाऱ्या या यंत्राला आज्ञा देणे हे त्यांचे काम होते.

युद्ध संपल्यावर व्हॅसारने प्राध्यापकपद देऊ केले, ते त्यांनी नाकारले. मात्र १९४९ मध्ये हार्वर्डमधील संशोधनाची मुदत संपली आणि तेथे कायमची जागा नव्हती. १९४५ मध्ये घटस्फोट झाला होता. या काळात त्या मद्याच्या आहारी गेल्याचेही चरित्रकारांनी नोंदवले आहे. अशा मनःस्थितीत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फियातील ‘एकर्ट-मॉचली’ ही लहानशी संगणक कंपनी निवडली. कंपनीची आर्थिक स्थिती नाजूक होती. १९५० मध्ये ती ‘रेमिंग्टन रँड’ने विकत घेतली.

हार्वर्डचा अनुभव येथे जसाच्या तसा उपयोगी पडणारा नव्हता. ‘मार्क-१’ दशमान पद्धतीने चाले आणि छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून एकेक आज्ञा वाची. फिलाडेल्फियातील ‘बायनॅक’ यंत्र द्विमान पद्धतीचे होते, त्याच्या आज्ञा अष्टमानात लिहाव्या लागत आणि त्या यंत्राच्या स्मृतीतच साठवल्या जात. त्यामुळे हॉपर यांना बेरीज-वजाबाकीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. आज्ञांचा क्रम आकृतीतून मांडण्याची रीत त्या बेटी होल्बर्टन यांच्याकडून शिकल्या. होल्बर्टन वयाने दहा वर्षांनी लहान होत्या. पण ‘एनिॲक’ या इलेक्ट्रॉनिक संगणकावर काम केलेल्या पहिल्या चमूतील असल्याने या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता. आपल्याहून लहान व्यक्तीकडून शिकण्यात हॉपर यांना कमीपणा वाटला नाही.

मात्र जुनी पुंजीही त्यांनी टाकून दिली नाही. हार्वर्डमध्ये तपासून पाहिलेले आज्ञासंच वहीत उतरवून ठेवण्याची आणि सहकाऱ्यांत देवाणघेवाण करण्याची पद्धत होती. दर वेळी हाताने नक्कल करताना चुका होत. हे काम यंत्रानेच का करू नये, हा विचार त्यातून पुढे आला. आज्ञासंचांना क्रमांक देऊन ते चुंबकीय फितीवर साठवायचे आणि ‘युनिव्हॅक’ संगणकाने ते शोधून जोडायचे, अशी ‘ए-०’ ही संकलक प्रणाली त्यांनी सिद्ध केली. मे १९५२ मध्ये त्यांनी ही कल्पना शोधनिबंधातून मांडली, तेव्हा संगणक स्वतः आज्ञावली तयार करू शकेल, यावर अनेकांचा विश्वास बसला नाही.

त्या तेथेच थांबल्या नाहीत. व्यापारी हिशेब करणाऱ्यांना यंत्राची सांकेतिक भाषा शिकावी लागू नये, म्हणून इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी ‘फ्लो-मॅटिक’ त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली. १९५९ मध्ये आकार घेऊ लागलेल्या ‘कोबोल’ भाषेवर तिचा ठसा उमटला. पुढे २००० सालच्या ‘वायटूके’ संकटात जुन्या आज्ञावल्या दुरुस्त करताना मुंबई-पुण्यातील अनेक अभियंत्यांना हीच ‘कोबोल’ हाताळावी लागली.

१९६६ मध्ये नौदलातून निवृत्त झालेल्या हॉपर यांना पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावण्यात आले. ते सहा महिने जवळजवळ दोन दशके लांबले. १९८६ मध्ये रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या. त्यानंतरही ‘डिजिटल इक्विपमेंट’ या कंपनीत सल्लागार म्हणून त्या रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

डॉक्टरेट पदरी असताना पुन्हा बेरीज-वजाबाकी गिरवण्याची तयारी त्यांनी दाखवली. त्या शिक्षणातील कष्ट पुढच्यांच्या वाट्याला कमी यावेत, यासाठी मग त्यांनी उरलेली कारकीर्द वेचली.